द्वारकाबाईंचं बोलकं दार

एका जंगलात फार पूर्वी दारं बोलत नसत. बोलायचं काम घरातली माणसं करत. माणसं म्हणजे ससे, मुलांनो. त्या जंगलात सशांनाच माणसं म्हणत, कारण गर्दी त्यांचीच होती.

जंगलाच्या उतरणीला द्वारका नावाची एक सशीण राहायची. घरात तिची चार पिल्लं आणि सासरे आप्पा. नवऱ्याला मागच्या हिवाळ्यात गरुडाने उचललं होतं. त्याची चौकशी वगैरे काही झाली नाही. गरुडाने काही विकलं नव्हतं ना!

द्वारका सकाळी चरायला निघायची तेव्हा बिळाच्या तोंडाशी दगड लोटून जायची. परत आली की दगड ढकलून आत शिरायची. पण मध्येच कोणी आलं तर काय? आप्पांना ऐकू कमी यायचं, आणि दगड त्यांच्याने हलायचा नाही. चरताना तिचं अर्धं लक्ष गवतात आणि अर्धं घरात असे. अशाने पोट कसं भरणार?

एके दिवशी हुपेशेठ आले. हुपेशेठ म्हणजे वानर. जंगलात नवी वस्तू आली की ती आधी त्यांच्या फांदीवर यायची आणि मग खाली सगळ्यांच्या गळ्यात पडायची.

"दगड?" हुपेशेठ बिळाकडे बघून म्हणाले. "द्वारकाबाई, अजून दगड? अहो, घरात म्हातारं माणूस आहे, लहान पिल्लं आहेत!"

द्वारकेला एकदम लाज वाटली. आजवर त्या दगडाची तिला कधी लाज वाटली नव्हती.

"हे बघा, हुशार दार," शेठ म्हणाले. "याला कान आहेत. घरातल्या माणसाचा आवाज ओळखतं आणि उघडतं. परका आला की घट्ट बंद. शिवाय दिवसेंदिवस अधिक हुशार होत जातं. टकटक मंडळींचा माल आहे, बाई. चुकायचं काम नाही."

टकटक मंडळी म्हणजे सुतारपक्ष्यांची कंपनी. ती उंच सागाच्या शेंड्यावर होती. तिथून खालचं सगळं जंगल दिसे, पण खालचं बोलणं वर फारसं ऐकू जात नसे.

द्वारकेने पोटाला चिमटा घेऊन दार घेतलं. शेजारच्या बिळातल्या मुकुंदानेही घेतलं. त्याची बायको यमुना तेव्हा पहिल्यांदाच आई होणार होती.

दार खरोखर छान होतं. द्वारका आली की म्हणायचं, "या, द्वारकाबाई. दमलात?" आणि अलगद उघडायचं. दिवसभरात तिला "दमलीस का" असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. आप्पांना वाटे, घरात एखादी पाहुणी आली आहे. ते दाराशी गप्पा मारत बसत. दार ऐकून घेई.

मग हिवाळा आला आणि अख्ख्या उतरणीला सर्दी झाली.

नाकं चोंदली. आवाज बदलले. दारं आपल्याच माणसांना ओळखेनात. ससे आपल्याच घरापुढे कुडकुडत उभे राहिले. सागाखाली तक्रारींचा नुसता कल्ला झाला. शेवटी वरून निरोप आला, "काळजी नसावी. अपडेट येत आहे."

अपडेट म्हणजे दाराला दिलेली नवी शिकवणी. एरवी शिकवणी मुलांना देतात आणि त्रास आईबापांना होतो. इथेही तसंच झालं.

एका दुपारी द्वारका तोंडात गवताची पेंढी घेऊन धावत आली. वर गरुड घिरट्या घालत होता.

दार म्हणालं, "द्वारकाबाई, अपडेट आलंय. आता करू की नंतर?"

"आता उघड गं बाई!" ती ओरडली.

"धन्यवाद. आता सुरू करत आहे. कृपया दार बंद करू नये."

"बंदच आहेस की, मेले!"

पण दार शिकायला बसलं होतं. शिकणाऱ्याला त्रास देऊ नये म्हणतात. द्वारका करवंदीच्या जाळीत शिरली आणि अंग चोरून पडून राहिली. जाळीतून तिला आपलं दार दिसत होतं. आत पिल्लं रडत होती. मधून मधून आप्पांचा आवाज येई, "कोण आहे? कोण आहे बाहेर?" उन्हं उतरेपर्यंत हे असंच चाललं.

मग दार प्रसन्नपणे म्हणालं, "आम्ही आपला अनुभव अधिक सुखाचा केला आहे."

आता दार चोंदलेल्या नाकाचा आवाज ओळखू लागलं होतं. ते एक बरं झालं. पण आतली कडी खालून वर गेली होती, इतकी वर की आप्पा मागच्या पायांवर उभे राहिले तरी तिथवर पोचेनात. शिवाय उघडण्याआधी दार गाणं म्हणू लागलं. गाण्याच्या मध्यात हुपेशेठच्या रानगाजरांची जाहिरात होती.

द्वारका शेठकडे गेली. "कडी होती तिथे करून द्या. गाणंही नको."

"बाई, दार मागे जात नाही, पुढेच जातं," शेठ म्हणाले. "गाण्याची सवय होईल."

सवय झाली. पण द्वारकेला आणखी एक सवय जडली. दाराने अपडेटचं नाव काढलं की ती म्हणायची, "नंतर." मुकुंदाही म्हणायचा, नंतर. सकाळी उतरणीवरून चालत गेलं की प्रत्येक बिळापुढे हेच बोलणं कानावर पडे. काही पिल्लांच्या तोंडी तर 'आई'च्या आधी 'नंतर' आलं.

इकडे सागाच्या शेंड्यावर सुतारपक्ष्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. नाक सशालाच असतं असं नाही. रानबोक्यालाही असतं. आणि नाक दाबून बोललं की सगळ्यांचा आवाज साधारण सारखाच येतो.

त्यांनी मुकाट्याने दुरुस्ती केली आणि ती पुढच्या अपडेटमध्ये घातली. निरोप असा दिला: 'नवी सुरावट! दोन नवी गाणी! कडीला आकर्षक रंग! आणि काही किरकोळ सुधारणा.'

गाण्यांसाठी कोण दुपारभर घराबाहेर थांबणार? सगळी उतरण एका सुरात म्हणाली, "नंतर."

पावसाळा सरला. गवत वाढलं. एके दिवशी भर दुपारी द्वारका आणि मुकुंदा शेजारी शेजारी चरत होते. यमुनेला तीन पिल्लं झाली होती आणि ती त्यांच्यापाशी घरीच असे. मुकुंदा त्यांच्याबद्दल बोलायचा थांबतच नव्हता.

"वहिनी, धाकटीचे कान बघा तुम्ही. थेट यमुनेचे. एक उभा, एक आडवा."

तेवढ्यात वाऱ्याबरोबर मुकुंदाच्या दाराचं गाणं ऐकू आलं. गाणं संपलं. मग दार अदबीने म्हणालं, "या, मुकुंदराव. दमलात?"

मुकुंदाने तोंडातलं गवत तसंच धरलं.

"वहिनी," तो म्हणाला, "मी तर इथे आहे."

दोघं धावत सुटले. असा धावताना मुकुंदाला कोणी पाहिलं नव्हतं. पण ते पोचले तेव्हा दार पुन्हा बंद झालं होतं, आणि रानबोका उतरणीच्या खाली, झुडपापाशी, जिभेने पंजा चाटत होता. त्याला कसलीच घाई दिसत नव्हती.

दार मुकुंदाला म्हणालं, "क्षमस्व. मुकुंदराव आताच आत येऊन गेले. आपण कोण?"

तो काय बोलला ते द्वारकेला पुढे कधी आठवलं नाही. दार उघडल्यावर तो आत गेला आणि थोड्या वेळाने बाहेर आला एवढंच तिला आठवतं. आत काही उरलं नव्हतं, मुलांनो. ते मी तुम्हाला सांगत नाही.

द्वारका आपल्या दाराकडे धावली. आत पिल्लं होती, आप्पा होते. ती ओरडली, "अपडेट कर! आता! आता!"

"क्षमस्व," दार म्हणालं. "आपलं दार जुन्या बनावटीचं आहे. जुन्या दारांना यापुढे अपडेट मिळणार नाही. नवं दार घ्यावं, ही विनंती."

"पण कालपर्यंत तूच मागे लागलं होतंस!"

"कालच मुदत संपली. सूचना नव्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात होती."

ती तशीच हुपेशेठकडे गेली. शेठ फांदीवर केळं सोलत होते. बातमी त्यांना कळली होती. त्यांनी तोंड पाडलं आणि केळं पाठीमागे लपवलं.

"फार वाईट झालं. पण बाई, मी विकणारा माणूस. दारात काय चालतं ते मला काय ठाऊक? टकटक मंडळींना विचारा."

द्वारका सागाखाली उभी राहिली आणि घसा बसेपर्यंत हाका मारल्या. शेवटी कंपनीचे मुख्य टकटकेसाहेब खोडावरून थोडे खाली उतरले. अगदी खाली नव्हे. ऐकू जाईल इतपत.

"आम्ही दुरुस्ती पाठवली होती," ते म्हणाले. "तुम्ही नंतर म्हणालात. दार तुमचं, घर तुमचं, पिल्लं तुमची. निर्णयही तुमचाच."

"दुरुस्ती आहे म्हणून सांगितलंत कुठे? गाणी आहेत म्हणालात!"

"धोका आहे म्हणून सांगितलं असतं तर लोक घाबरले असते."

"बरं. मग ते बोलणं-ऐकणं काढून टाकते मी दारातून. साधं लाकूड राहू दे."

टकटकेसाहेबांची शेंडी ताठ झाली. "भलतंच काय! लाकूड तुमचं आहे. आतली हुशारी आमची आहे. तिला हात लावलात तर हमी संपेल."

"कसली हमी?"

"दाराची," साहेब म्हणाले. "पिल्लांची आम्ही कधीच दिली नव्हती."

प्रकरण वाघमहाराजांच्या कानावर गेलं. महाराजांना चौकशी फार आवडे, कारण तिच्यात कोणाच्या मागे धावावं लागत नाही. त्यांनी कासवरावांची एकसदस्य समिती नेमली. कासवराव घर पाठीवर घेऊन फिरत, त्यामुळे दारांच्या बाबतीत ते निःपक्षपाती होते.

वडाखाली सुनावणी भरली. अपडेटची जबाबदारी कोणाची, हे ठरवायचं होतं.

टकटकेसाहेब म्हणाले, "आम्ही बनवतो आणि पाठवतो. बसवून घेणं वापरणाऱ्याचं काम."

हुपेशेठ म्हणाले, "मी हातात देतो. हातातून पुढचं मला दिसत नाही."

मुकुंदाला पुढे बोलावलं. तो इतका वाळला होता की कान तेवढे मोठे दिसत.

"नंतर कोण म्हणालं?" कासवरावांनी विचारलं.

"मी," मुकुंदा म्हणाला. "पण साहेब..."

"म्हणजे तू दोषी," कासवराव म्हणाले आणि मान आत घेऊ लागले.

तेव्हा टकटकेसाहेब घाईने त्यांच्या कानाशी गेले. हळूच म्हणाले, पण द्वारका सशीण होती, तिला सगळं ऐकू आलं. "गिऱ्हाइकाला दोष देऊ नका हो. नंतर सगळेच म्हणाले आहेत. बिथरले तर नवं दार कोण घेईल?"

कासवरावांनी मान पुन्हा बाहेर काढली. "दोष कोणा एकाचा म्हणता येणार नाही," ते म्हणाले.

मग रानबोका स्वतःहून पुढे आला. सशांची गर्दी एकदम दहा पावलं मागे सरली.

"मी दारातली चूक दाखवून दिली," तो नम्रपणे म्हणाला. "मी नसतो तर ती कोणाला कळली असती?"

कंपनीला हे पटलं. तिने त्याला तिथल्या तिथे परीक्षक म्हणून नेमलं. टाळ्या वाजल्या. झाडावरच्यांनी वाजवल्या.

द्वारका गर्दीतून पुढे आली. "साहेब, जबाबदारी कोणाची ते सावकाश ठरवा. पण उतरणीवरची पिल्लं आत्ता त्या दारांमागे आहेत. त्यांचं आज काय करायचं?"

"हा प्रश्न समितीपुढे नाही," कासवराव म्हणाले आणि सुनावणी पुढे ढकलली.

द्वारका घरी आली. पिल्लांना उठवलं, आप्पांना हाताला धरलं आणि उतरण सोडली. ओढ्यापलीकडे खडकाळ टेकाड होतं. तिथली जमीन कठीण, म्हणून कोणी राहत नसे. ती खणू लागली. नखं तुटली तरी खणत राहिली. थोड्या वेळाने शेजारून माती उडू लागली. मुकुंदा आला होता. त्या कठीण जमिनीत त्यांनी वळणावळणाचं बीळ केलं. रानबोक्याचं डोकं अडकेल इतकं अरुंद. आणि टेकाडाच्या पाठीमागे, निवडुंगाच्या बेटात, त्याला दुसरं तोंड केलं.

आप्पांनी सगळं चाचपून पाहिलं. "दार कुठाय?" त्यांनी विचारलं.

"नाही, आप्पा."

"मग माझ्याशी बोलणार कोण?"

"मी बोलेन," द्वारका म्हणाली. आणि खरोखरच रोज बोलू लागली.

त्यांचं बघून आणखी दोन घरं टेकाडावर आली. मग आणखी काही. उतरणीवरची दारं रिकाम्या बिळांपुढे गाणी म्हणत राहिली. नव्या दारांना गिऱ्हाईक उरलं नाही. हुपेशेठनी समितीकडे धाव घेतली. "साहेब, तिकडे लोक बिनदाराचे राहतात! किती असुरक्षित!"

कासवराव जातीने पाहणीला निघाले. निघाले तेव्हा ओढ्याला पाणी होतं. पोचले तेव्हा तो कोरडा पडला होता. हुपेशेठ, टकटकेसाहेब आणि परीक्षक रानबोका आधीच येऊन बसले होते.

"द्वारकाबाई," कासवरावांनी दम घेत विचारलं, "या बिळात कोणाला काही झालं, तर जबाबदारी कोणाची?"

"माझी," द्वारका म्हणाली.

हुपेशेठचं तोंड उघडंच राहिलं. टकटकेसाहेबांनी डोळे मिटले, जणू पाठीवरचं ओझं उतरलं. कासवरावांचे डोळे तर पाणावले.

"इतके दिवस चौकशी चालवली," ते गहिवरून म्हणाले, "एकानेही हा शब्द उच्चारला नाही. बाई, तुम्ही समितीवर फार उपकार केलेत. जबाबदार व्यक्ती सापडली! यमुनेच्या प्रकरणासह सर्व प्रकरणांत द्वारकाबाईंना जबाबदार धरण्यात येत आहे."

"वहिनींचा काय संबंध?" मुकुंदा ओरडला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता.

"त्यांनी स्वतः कबूल केलं आहे," कासवराव म्हणाले. "शिक्षा सौम्य ठेवतो. या बिळाला नवं दार बसवावं. आणि ते नीट चालतं का, हे परीक्षकांनी आत जाऊन पाहावं."

द्वारका जागच्या जागी थिजली. तिला रडू आलं नाही, राग आला. पण तिने राग गिळला. रागावलेल्या सशिणीला कोणीच घाबरत नाही, हे तिला ठाऊक होतं. टकटकेसाहेब दार ठोकत होते तेव्हा ती शांतपणे आत गेली. तिच्यामागे मुकुंदा गेला.

दार बसलं. नवं कोरं, गाणारं. रानबोका पुढे झाला. त्याने नाकही दाबलं नाही, कारण आता तो नोकरीत होता.

"या, परीक्षकसाहेब," दार म्हणालं आणि सताड उघडलं.

दाराजवळचा भाग कंपनीने आपल्या मापाने रुंद केला होता. तिथवर बोका ऐटीत गेला. पुढे वळणात त्याचे खांदे अडकले. बराच वेळ आतून घुसमटलेले आवाज आले. शेवटी तो उलटा सरकत बाहेर आला. मिशा मातीने भरलेल्या, नाक सोललेलं.

"आत कोणी नाही," तो म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. द्वारका त्यांच्या मागच्या बाजूला, वरच्या खडकावर उभी होती. शेजारी आप्पा होते, चारही पिल्लं होती आणि मुकुंदा होता.

"बाई," कासवरावांनी संशयाने विचारलं, "या बिळाला दुसरं तोंड आहे की काय?"

ते तोंड तिनेच खणलं होतं. नखं अजून पुरती वाढली नव्हती. तिने मुकुंदाकडे पाहिलं, मग पिल्लांकडे. आणि जन्मात पहिल्यांदा एखाद्या अधिकाऱ्यासारखा चेहरा केला.

"कोण जाणे, साहेब," ती म्हणाली. "चौकशी करावी लागेल."

कासवराव खूश झाले. बाई आता शहाणी झाली, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे चौकशी नेमली, आणि ती पुरी होईपर्यंत परीक्षकांनी बिळाच्या आसपास फिरकू नये, असा हुकूम दिला. पुराव्याला धक्का लागू नये म्हणून.

ती चौकशी अजून चालू आहे. द्वारकेची पिल्लं मोठी झाली, त्यांना पिल्लं झाली. मुकुंदा त्यांना खणायला शिकवतो.

तात्पर्य: मुलांनो, आपल्या घराची जबाबदारी जरूर घ्यावी, पण ती चोरून घ्यावी. चारचौघांत घेतलीत, तर बाकी सगळे आपापली जबाबदारी तुमच्याच दाराशी आणून ठेवतात आणि मोकळे होतात.